सेवेतील विक्षेप आणि सान्निध्याची भाषा : रमाबाई, टिळक आणि लक्ष्मीबाई

१

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाला आहे. पहिले अंग धर्मांतराचे. जुन्या धर्मात निर्माण झालेली अस्वस्थता, नव्या धर्माचा परिचय, आप्तांचा विरोध आणि अखेरीस बाप्तिस्मा असा या कथनाचा क्रम असतो, आणि बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. दुसरे अंग समाजसुधारणेचे. पंडिता रमाबाईंचे कार्य, दुष्काळातील मदत, शाळा आणि अनाथाश्रम यांची चर्चा या अंगाने होत आली आहे. या दोन्ही मांडण्यांत एक गोष्ट निसटते. बाप्तिस्म्यानंतर, सेवाकार्य अंगावर घेतल्यानंतर, त्या माणसांच्या ईश्वरसंबंधाचे पुढे काय झाले हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. धर्मांतरावर कथा संपते आणि संस्थेचा इतिहास सुरू होतो. या दोहोंच्या सांध्यावर जो आंतरिक ताण आहे, तो वाङ्मयेतिहासाच्या नजरेतून सुटतो.

हा ताण असा : देवाच्या ओढीने स्वीकारलेली सेवाच माणसाला देवापासून दूर नेऊ शकते. येथे विक्षेप बाहेरून, प्रपंचातून किंवा मोहातून येत नाही. तो सेवेच्या पोटातून येतो. पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताला विक्षिप्त करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. व्याधी, संशय, प्रमाद, आळस, अविरती अशी ही यादी आहे. सत्कर्माचा तीत समावेश नाही. सत्कर्मापासून होणारा विक्षेप हा वेगळ्या जातीचा आहे. तो ओळखणे अधिक कठीण, कारण त्याच्या अंगावर धर्माचाच वेष असतो.

ख्रिस्ती परंपरेत या अनुभवाचे मूळ चित्र लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. येशू एका गावात येतो. मार्था त्याला घरी घेते आणि पाहुणचाराच्या कामात गढून जाते. तिची बहीण मरीया त्याच्या पायांशी बसून ऐकत राहते. मार्था तक्रार करते आणि येशू मरीयेची बाजू घेतो. मूळ ग्रीक संहितेत मार्थेच्या अवस्थेसाठी जे क्रियापद योजले आहे, त्याचा अर्थ ‘चहूकडे ओढले जाणे’ असा आहे. तिला ओढणाऱ्या गोष्टीचे नाव आहे ‘दियाकोनिया’, म्हणजे सेवा. पुढील काळात चर्चच्या सेवापदांसाठी रूढ झालेला हाच शब्द या प्रसंगात विक्षेपाचे कारण म्हणून यावा, ही बाब लक्षणीय आहे. सेवा आणि सान्निध्य यांच्यातील तेढ ख्रिस्ती परंपरेत नंतर शिरलेली नाही. तिच्या आरंभीच्या संहितांतच ती नोंदलेली आहे.

२

या तेढीतून वाट काढण्याचे तीन प्रकार पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत दिसतात. पहिला श्रमविभागणीचा. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या अन्नवाटपावरून कुरबुर होते, तेव्हा प्रेषित त्या कामासाठी सात जण निवडण्यास सांगतात आणि स्वतः प्रार्थना व वचन यांत राहण्याचे ठरवतात. मरीयेचे काम एकाकडे, मार्थेचे दुसऱ्याकडे, अशी ही व्यवस्था. पुढे मठवासी आणि लोकांत वावरणारे धर्मगुरू यांच्यातील भेदाला अशाच विभागणीचा आधार मिळाला.

दुसरा प्रकार आलटून-पालटून जगण्याचा, आणि त्यात विलापाचा सूर मोठा. मठातून उचलून ५९० मध्ये पोपपदावर बसवलेला पहिला ग्रेगरी आपल्या ‘संवादां’च्या आरंभी हरवलेल्या मठजीवनाबद्दल शोक करतो. बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या बर्नार्डने आपलाच एकेकाळचा शिष्य, पोप तिसरा यूजीन, याच्यासाठी एक ग्रंथ लिहिला. दरबारातील खटले आणि कामकाज यांच्या गर्दीत स्वतःसाठी वेळ राखला नाही तर अंतःकरण कठीण होईल, हे त्यातील आरंभीचे आशयसूत्र आहे. ख्रिस्ती जगाच्या सर्वोच्च सेवेकऱ्याला सेवेच्या धोक्याची सूचना द्यावी लागते, यातच या प्रश्नाचे गांभीर्य दिसते.

तिसरा प्रकार एकीकरणाचा. स्पेनमधील आविलाच्या तेरेसाने १५७७ मध्ये लिहिलेल्या ‘आंतरिक दुर्ग’ या ग्रंथाच्या शेवटच्या दालनात मार्था आणि मरीया यांनी एकत्रच असले पाहिजे असा निष्कर्ष काढला आहे. स्वतः मठ स्थापत, पैशाची आणि परवानग्यांची खटपट करत फिरणाऱ्या स्त्रीचा हा निष्कर्ष असल्यामुळे त्याला अनुभवाचे वजन आहे. त्याच शतकात इग्नेशियस लोयोलाच्या येशूसंघात ‘कर्मात राहून ध्यानस्थ’ हे सूत्र रूढ झाले. १५७९ मध्ये गोव्यात आलेला थॉमस स्टीफन्स याच संघाचा. सासष्टीतील धर्मकार्याच्या व्यापात राहून त्याने सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत ख्रिस्ती भक्तीला मिळालेला हा पहिला मोठा आविष्कार सेवाकार्यात बुडालेल्या माणसाकडून झाला, हे विसरता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात स्थिरावलेल्या प्रॉटेस्टंट मिशनांमध्ये मात्र या तिन्ही वाटा जवळजवळ बंद होत्या. अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये अहमदनगरचे केंद्र सुरू झाले. या परंपरेला मठ नव्हता. त्यामुळे विभागणी नव्हती आणि माघारी जायला जागाही नव्हती. एकाच माणसाने शिकवायचे, उपदेश करायचा, हिशेब ठेवायचे, वार्षिक अहवाल लिहायचे आणि पहाटे बायबल उघडून स्वतःच्या आत्म्याची काळजीही घ्यायची, अशी अपेक्षा होती. देशी कार्यकर्त्यांच्या बाबतीत यात आणखी एका गोष्टीची भर पडली : पगार. देवाची सेवा आणि मिशनची नोकरी यांसाठी एकच शब्द वापरला जाऊ लागला.

३

या शब्दाचा मराठीतील पूर्वेतिहास येथे लक्षात घ्यावा लागतो. भक्तिपरंपरेत ‘सेवा’ म्हणजे प्रथमतः देवाची सेवा. तिच्यात सान्निध्य गृहीतच आहे. ज्याची सेवा करायची तो समोर असतो. माणसांची सेवा आणि देवाची जवळीक यांच्यातील विरोध मराठी मनाने एका वेगळ्याच कथेतून सोडवला आहे. पुंडलीक आईवडिलांच्या सेवेत असताना देव दाराशी येतो. पुंडलीक उठत नाही. तो वीट फेकतो आणि देव त्या विटेवर उभा राहून वाट पाहतो. पंढरपूरच्या उपासनेची ही मूळकथा म्हणजे मार्थेच्या प्रसंगाची जणू उलट बाजू होय. येथे कामात गुंतलेल्या भक्ताला बोल लावला जात नाही, देवच थांबतो.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात विहित कर्म हीच सर्वात्मक ईश्वराची पूजा मानली आहे. जनाबाईच्या दळणकांडणात विठ्ठल हात लावतो, सावता माळ्याला मळ्यातच पंढरी दिसते. कर्म आणि सान्निध्य यांचे हे मीलन वारकरी संवेदनशीलतेचा गाभा आहे. पण याच परंपरेने गोरा कुंभाराची कथाही जतन केली आहे. भजनात देहभान हरपलेल्या गोरोबांच्या पायांखाली चिखलात स्वतःचे मूल तुडवले जाते. कथेच्या शेवटी मूल परत मिळते, तरी आईचा आक्रोश कथेतून पुसला जात नाही. तन्मयतेची किंमत शेजारच्या माणसाला मोजावी लागते, ही जाणीव परंपरेला होती.

महाराष्ट्रात वाढून ख्रिस्ती झालेल्या लेखकांकडे हा सगळा वारसा होता आणि त्यांच्या वाट्याला आलेली सेवा मात्र निराळी होती. पुंडलिकाची सेवा समोरच्या दोन माणसांची आहे. संस्थेची सेवा समिती, देणगीदार, अहवाल आणि वाद यांच्यातून वाहते. तीत सेव्य व्यक्ती आणि सेवेकरी यांच्यामध्ये कागद येतो. जुन्या शब्दात नवा व्यवहार भरला गेल्यामुळे ‘सेवा’ या पदात जो तडा गेला, तो या लेखकांच्या भाषेत उमटलेला आहे. रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन या दृष्टीने वाचले असता एकाच प्रश्नाला दिलेले तीन प्रतिसाद हाती येतात.

४

रमाबाई (१८५८–१९२२) ख्रिस्ती धर्माकडे वळल्या त्या वाटेवर सेवेचेच दर्शन होते. इंग्लंडमध्ये आल्यावर फुलहॅम येथे समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या भगिनींचे काम त्यांनी पाहिले. त्या करुणेचे मूळ शोधताना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीचा प्रसंग त्यांच्यासमोर आला. १८८३ च्या सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेण्यात आले.

बाह्य चरित्राच्या दृष्टीने ही चढती कमान आहे. परंतु १९०७ मध्ये केडगावच्या मुक्ती छापखान्यातून निघालेल्या आपल्या इंग्रजी साक्षकथनात रमाबाई या कमानीच्या मधोमध एक पोकळी दाखवतात. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. ही जाणीव होण्यास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन निमित्त झाले. कॉर्नवॉलमधील बाल्ढू येथे सेवेत असलेला हा पाद्री १८५१ मध्ये स्वतःच्याच प्रवचनाच्या ओघात परिवर्तित झाला होता. म्हणजे सेवा आधी आणि सान्निध्य नंतर, असा त्याच्याही जीवनाचा क्रम आहे. रमाबाईंना त्या पुस्तकात आपलीच स्थिती दिसली.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘दुसरे परिवर्तन’ हा त्या काळच्या इव्हँजेलिकल साक्षवाङ्मयातील ठरीव साचा आहे. रमाबाईंनी आपले जीवन त्या साच्यात बसवले, एवढाच याचा अर्थ घ्यावा असे कोणी म्हणेल. साच्याचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. मात्र साचा स्वीकारताना त्यांनी त्यात काय बदलले ते पाहावे. हॅस्लमचे परिवर्तन बोलताना घडते, रमाबाईंचे वाचताना. पुराणिक पित्याबरोबर तीर्थोतीर्थी हिंडत, संहिता मुखोद्गत करत वाढलेल्या स्त्रीच्या बाबतीत देवाकडे जाण्याचा मार्ग ग्रंथातूनच जावा, हे तिच्या घडणीशी सुसंगत आहे. त्यांच्या दृष्टीने विक्षेपाला उत्तर कामाची सुट्टी हे नसून अधिक सखोल वाचन हे होते.

या नव्या जवळिकीने सेवेपुढे पेच उभा केला. शारदासदनाने धार्मिक तटस्थतेचे वचन दिले होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, त्या वेळी दार उघडे असे आणि सदनातील काही मुली तेथे येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठले. रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाशी असलेला संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणात वचनाचा प्रश्न खरा होता, आणि टीकाकारांना केवळ सनातनी ठरवून तो मिटत नाही. पण रमाबाईंच्या बाजूनेही एक खरा प्रश्न होता : सेवा चालू राहावी म्हणून प्रार्थनेचे दार लावून घ्यायचे काय? त्यांनी दार लावले नाही. त्याची किंमत त्यांनी मोजली, आणि त्यांच्यावर विसंबलेल्या काही मुलींनाही ती मोजावी लागली.

१८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनंतर केडगावच्या मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. इतक्या मोठ्या व्यवस्थेच्या धबडग्यात १९०५ ची प्रार्थना-जागृती घडली. त्याच सुमारास हाती घेतलेले बायबलच्या भाषांतराचे काम रमाबाईंच्या अखेरच्या दिवसांपर्यंत चालले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तिसदनातील मुलींनी त्याचे खिळे जुळवले. सान्निध्य आणि सेवा यांचा सांधा रमाबाईंनी येथे घातला. रोज वचनाजवळ बसणे हेच काम झाले आणि त्या कामातून शेकडो हातांना काम मिळाले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. त्या आघातानंतरही त्यांनी हे भाषांतर पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

या भाषांतराची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. सामान्य स्त्रीला कळेल अशी सोपी मराठी आणि हिंदू दर्शनांच्या अर्थच्छटा वाहणाऱ्या संस्कृत शब्दांविषयी सावधपणा, ही तिची दोन लक्षणे. जवळीक साधायची तर भाषा धुऊन घ्यावी लागेल, अशी त्यांची धारणा दिसते. जुन्या शब्दाबरोबर जुना देव परत येईल, ही धास्ती त्यामागे असावी.

५

टिळकांची (१८६१–१९१९) दिशा याच्या नेमकी उलट आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने अहमदनगर येथे अध्यापन, उपदेश आणि लेखन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. १८४२ मध्ये सुरू झालेल्या या पत्राचे काम म्हणजे आठवड्यामागून आठवडा काही ना काही लिहिणे, उत्तरे देणे, वाद करणे. त्याच काळात मंडळीसाठी भजने, मुलांसाठी कविता आणि ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याची आखणी चालू होती.

टिळकांच्या लेखनाचे या दृष्टीने दोन स्तर पडतात. एक स्तर लोकांना सांगण्याचा : संपादकीय, व्याख्यान, बोधपर कविता. यात ख्रिस्त तृतीय पुरुषात येतो. तो प्रतिपादनाचा विषय असतो. दुसरा स्तर ‘अभंगांजली’तील अभंगांचा. येथे ख्रिस्त द्वितीय पुरुषात येतो. त्याच्याशी भांडण होते, त्याला आई म्हटले जाते, गुरू म्हटले जाते, त्याच्याकडे हट्ट केला जातो. सर्वनामातील हा बदल केवळ व्याकरणाचा नाही. सेवाकार्याची भाषा स्वभावतः ‘त्याच्याविषयी’ बोलण्याची भाषा असते. देवाविषयी सतत बोलणाऱ्या माणसाचे देवाशी बोलणे हळूहळू थांबते, आणि ते थांबले आहे हे त्याला कळतही नाही, कारण देवाचे नाव तर ओठांवर अखंड असते. उपदेशकाला होणारा विक्षेप नेमका हा आहे. टिळकांनी त्यावरचा उपाय धर्मशास्त्रात शोधला नाही. तुकारामांच्या रचनाबंधात शोधला. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानत. अभंगात ‘तू’ म्हणण्याची जी सवय शतकानुशतके मुरलेली होती, ती त्यांना मिशनच्या गद्यातून बाहेर काढत होती.

म्हणून रमाबाई भक्तीच्या शब्दांपासून सावध राहतात आणि टिळक त्या शब्दांकडे परततात, तेव्हा दोघांचे उद्दिष्ट एकच असते. दोघांनाही धर्माच्या व्यवहारातून देवाच्या जवळ जायचे आहे. एकीला परिचित शब्दांत अडसर दिसतो, दुसऱ्याला परक्या व्यवस्थेत. मराठी ख्रिस्ती साहित्यातील ‘देशीकरणा’चा वाद बहुधा अस्मितेच्या परिभाषेत मांडला जातो. या दोन उदाहरणांवरून असे दिसते की त्या वादाच्या मुळाशी एक साधनेचा प्रश्नही होता : कोणत्या भाषेत प्रार्थना खरी वाटते?

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास राहून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तशिष्य यांचा बंधुसमाज अशी त्याची कल्पना होती. या कृतीचा अर्थ राष्ट्रीय वृत्तीचा उद्रेक असा लावता येतो, आणि त्यात तथ्य आहे. परंतु त्यांनी सेवा सोडली नाही हे ध्यानात घेतले पाहिजे. ‘ज्ञानोदय’शी असलेले संपादकीय नातेही अखेरपर्यंत टिकले. सोडले ते सेवेचे वेतन. सेवा आणि नोकरी यांना चिकटवणारा जो सांधा शब्दात तयार झाला होता, तो त्यांनी कृतीने तोडला. संस्थेचे नावही लक्षणीय आहे. ‘मिशन’ या शब्दात कोणीतरी पाठवलेला माणूस आहे. ‘दरबार’ या शब्दात समोर उपस्थित असलेला माणूस आहे. पाठवले जाण्याच्या कल्पनेतून उपस्थित राहण्याच्या कल्पनेकडे झालेले हे संक्रमण त्यांच्या अभंगांत आधीच घडून गेले होते. पुढे दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी, ते निवर्तले आणि ‘दरबार’ रुजायच्या आत पोरका झाला. तेथे सेवेचे रूप प्रत्यक्षात कसे बदलले असते, हा प्रश्न त्यामुळे खुला राहतो.

६

आतापर्यंतचे विवेचन मरीयेच्या बाजूने झाले आहे. सेवेने ओढला गेलेला जीव पुन्हा देवाच्या पायांशी कसा येतो, याची ही कथा आहे. ती येथेच थांबवली तर अर्धवट राहील, कारण टिळकांच्या ईश्वरसान्निध्याचा एक साक्षीदार त्याच घरात होता आणि त्या साक्षीदाराने ग्रंथ लिहिला.

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. मराठी आत्मचरित्रवाङ्मयात तिचे स्थान वादातीत आहे, आणि तिची चर्चा साधेपणा, विनोद व निर्मळपणा या गुणांच्या अनुषंगाने भरपूर झाली आहे. प्रस्तुत प्रश्नाच्या संदर्भात मात्र हा विनोद एक भेदक कार्य करतो. टिळकांचे औदार्य, त्यांची तंद्री, एकाएकी घर सोडून निघून जाणे, हातात आलेले दुसऱ्याला देऊन टाकणे, या सगळ्याचे चित्र लक्ष्मीबाई प्रेमाने काढतात; पण त्या प्रत्येक कृतीनंतर घरात काय झाले, तेही सांगतात. चरित्रकाराच्या लेखी जो त्याग, तोच घरात उद्याच्या जेवणाचा प्रश्न असतो. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी टिळकचरित्रात एक संतकवी दिसतो. ‘स्मृतिचित्रां’त तोच संतकवी दिसतो, आणि त्याच्या मागे पाणी भरणारी, मुले सांभाळणारी, आल्यागेल्याला वाढणारी स्त्रीही दिसते. बालकवी ठोंबरे ज्या घरात राहिले आणि अनेक निराधार मुले ज्या घरात आपली झाली, त्या घराची सेवा कोणत्याही अहवालात नोंदली गेली नाही.

लूकच्या प्रसंगात मार्थेच्या तोंडी तक्रारीपलीकडे काही नाही, आणि तिला मिळालेल्या उत्तरावर प्रसंग संपतो. त्या दिवशी जेवण कोणी वाढले, हे लूक सांगत नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे मार्थेला उशिरा मिळालेले विस्तृत निवेदन आहे. त्यात तक्रार आहे, पण ती ईश्वराविरुद्ध नाही, आणि टिळकांविरुद्धही पूर्णतः नाही. एकाच्या तन्मयतेचा भार दुसऱ्याच्या हातांवर पडतो, एवढे सत्य त्या नोंदवतात. गोरा कुंभाराच्या कथेतील आईला जे बोलता आले नव्हते, ते येथे बोलले गेले आहे.

त्याचबरोबर लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या श्रद्धेची वाटही पाहिली पाहिजे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांचा दुरावा सोसून त्या पतीकडे आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. या दोन घटनांच्या मधे त्यांच्या मनात जी उलथापालथ झाली, ती शास्त्रार्थातून झालेली नाही. शिवाशिव, पाणी, अन्न, कोणाच्या हातचे खायचे, या रोजच्या व्यवहारात ती घडली. ज्या जागी विक्षेप असतो असे मानले जाते, त्या स्वयंपाकघरातच त्यांना देवाविषयीचे नवे भान आले. विक्षेपाची जागा आणि सान्निध्याची जागा त्यांच्या बाबतीत वेगळ्या काढता येत नाहीत. टिळकांच्या पश्चात ‘ख्रिस्तायना’चा उरलेला बहुतांश भाग त्यांनी रचला. औपचारिक शिक्षण न झालेल्या त्या स्त्रीने तंद्री लागणाऱ्या कवीचे महाकाव्य तडीस नेले. मरीयेने आरंभलेले काम मार्थेने पूर्ण केले, असे म्हणण्याचा मोह येथे आवरत नाही.

७

या तीन लेखकांना एकत्र वाचल्याने मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासात एका कालखंडाची भर पडते असे नाही. वाचनाची रीत मात्र बदलते. बाप्तिस्मा हा कथेचा शेवट न राहता मध्य ठरतो. रमाबाईंच्या जीवनात १८८३ आणि १८९१ यांमधील अंतर, टिळकांच्या जीवनात १८९५ आणि १९१७ यांमधील अंतर, हीच वाङ्मयीन दृष्ट्या सुपीक भूमी आहे. तेथे सेवा यशस्वी होत असते आणि माणूस आतून रिता होत असतो. साक्षकथन, भाषांतर, अभंग आणि आठवणी हे चार वाङ्मयप्रकार त्या रितेपणाला दिलेले चार प्रतिसाद आहेत. त्यांना केवळ प्रचारसाहित्य मानणे हा वाङ्मयीन अन्याय होय, आणि केवळ समाजशास्त्रीय दस्तऐवज मानणे हाही तितकाच अन्याय होय.

दुसरी गोष्ट मूल्यभानाची. सान्निध्याची ओढ खरी असली तरी ती आपोआप निर्दोष ठरत नाही. रमाबाईंच्या उघड्या दाराची किंमत काही मुलींनी मोजली. टिळकांनी सोडलेल्या पगाराची किंमत त्यांच्या घराने मोजली. म्हणून अशा लेखनाची समीक्षा करताना दोन प्रश्न एकदमच विचारावे लागतात : या सेवेत देव कोठे हरवला? आणि तो पुन्हा सापडला तेव्हा त्या शोधाचा भार कोणी वाहिला? पहिला प्रश्न धर्मवाङ्मय स्वतःच विचारते. दुसरा प्रश्न समीक्षेने विचारायचा असतो, आणि मराठीत तो लक्ष्मीबाईंनी समीक्षेच्या कितीतरी आधी विचारून ठेवला आहे.

मार्थेची कथा लूकपाशी संपत नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात भाऊ वारल्यावर येशूला सामोरी धावत जाणारी ती मार्थाच आहे, आणि तो ख्रिस्त असल्याची स्पष्ट कबुली त्या शुभवर्तमानात तिच्याच तोंडी आहे. बाराव्या अध्यायात पुन्हा मेजवानी आहे. मरीया सुगंधी तेल घेऊन येते. मार्था वाढते आहे. या वेळी तक्रार नाही आणि तिला कोणी काही सांगतही नाही. काम तेच आहे. ‘चहूकडे ओढले जाणे’ हे क्रियापद मात्र तेथे आता आढळत नाही.